पहिल्या पोत्यावर अडलेल्या टेस्ट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. या साइटवरचे लोकांचे भुतांचे अनुभव वाचून मी हसलेली आहे. पण हे एक मनातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. जुन्नरच्या बाजारपेठेत, कापडाच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे मी, निलेश आणि तीन कॉम्प्युटर! एका भातगिरणीसाठी पोती मोजायचा प्रोग्रॅम करत होतो. सोमवारी द्यायचा होता आणि मी पार दमले होते. तिकडे तळेघरजवळच्या वाडीत आई एकटी. वडील त्याच पावसाळ्यात गेलेले. भात झोडून झालंय, मोजायला ये, असे तिचे दोन निरोप येऊन गेले होते...

प्रोग्रॅम तपासायला आम्ही टेस्ट लिहिल्या होत्या. प्रत्येक टेस्टला कोरा डेटाबेस द्यायचा, तिने आपली खोटी पोती भरायची, मोजायची, शेवटी सगळं पुसायचं. एकीचं खरकटं दुसरीला लागता कामा नये.

शुक्रवारी सकाळी सगळ्या टेस्ट एकदम फेल. पहिल्या पोत्याच्या नंबरात ‘१’ हवा, तिथे ‘लाभ’. आणि दुसरं पोतं नाहीच.

एकेक टेस्ट वेगळी चालवली — तेच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, नेटवर्कची वायर काढून — तेच! पूर्ण कोडमध्ये शोधलं, हा शब्दच कुठे नाही.

"मंगलताई, गंमत करता का राव?" निलेश वैतागला. "लाभ काय लाभ?"

त्याला काय सांगणार? आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन. आई पायली भरायची, वडील मोठ्याने मोजायचे.

मला एकदम रडूच आलं. कॉम्प्युटर तसाच ठेवून उठले. घोडेगाव, तिथून तळेघरची एसटी, पुढे वाडीपर्यंत पायी. पोचले तेव्हा ऊन उतरत होतं.

आई अंगणात भाताच्या राशीशी बसली होती. हातात भरलेली पायली, शेजारची कणगी रिकामी.

"आई, हे काय?"

"सकाळधरनं बसलीया, पोरी. पायली भरती, लाभ म्हंती... फुडचं दोन काय तोंडातनं निगत न्हाई. मोजायचं काम तुज्या बाचं व्हतं. मंग वतती राशीत, पुन्ना पयल्यापासनं."

तिने आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नव्हता आणि वाडीत फोनही नव्हता.

मी तिच्याजवळ बसले. तिने पायली कणगीत ओतली, म्हणाली, "लाभ." मी म्हणाले, "दोन." अंधार पडायच्या आत रास संपली.

सोमवारी सगळ्या टेस्ट पास. कोडला कुणी हात लावला नव्हता. निलेशने खूप डोकं खाजवलं, मग सोडून दिलं. मला अजूनही उत्तर सापडलेलं नाही, खरं तर आता शोधायचा कंटाळा येतो.

आता दुसरीकडे नोकरी करते, पण भात निघालं की मी रजा टाकते. साहेब कारण विचारतात. आई लाभ म्हणते, साहेब — पुढे दोन म्हणायला घरात कुणी नाही.