एफ, व्ही, एस आणि बाईंची कवळी

माझी मावशी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिथे खिडकीला लागून तिचं टेबल. टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. लहानपणी मला ते जबडे आपल्याला हसतायत असं वाटायचं. मावशी म्हणायची, "हसू दे की. आत्ता कुठे दात आलेत बिचाऱ्यांना."

तिच्या कामाला नावं ठेवायला कुणी यायचं नाही. कवळी घेऊन गेलेलं माणूस सहसा परतच फिरकत नसे, आणि मावशीची समजूत अशी की, छान बसली म्हणूनच येत नाहीत.

मग बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. दर शनिवारी त्या अंध मुलींच्या वसतिगृहात जाऊन इंग्रजी गोष्टी वाचून दाखवायच्या. नवी कवळी घेऊन गेल्या आणि आठवड्याभरात तणतणत परत आल्या.

"डॉक्टर, माझ्या तोंडात कुकर बसवलाय का तुम्ही? वाचता वाचता शिट्टी वाजते. मुली ओरडतात, बाई, गॅस बंद करा!"

डॉक्टरांनी त्यांना नेहमीप्रमाणे इंग्रजी आकडे म्हणायला लावले. फिफ्टी फाइव्ह, सिक्स्टी सिक्स. एकदम स्वच्छ. आतून आरसा लावून पाहिलं, सगळं जागच्या जागी.

"सवय होईल बाई," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी कवळी काढून रुमालात गुंडाळली. चेहरा एवढासा झाला. "म्हणजे वाचन बंद करायची सवय, असंच ना?" त्या पुटपुटल्या आणि उठल्या.

मावशी दारात उभी राहून ऐकत होती. एरवी ती पुढच्या खोलीत तोंड उघडत नसे. त्या दिवशी कसं कोण जाणे, म्हणाली, "बाई, थांबा ना जरा. शिट्टी नेमकी कुठल्या शब्दाला वाजते?"

बाई थांबल्या. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कवळी पुन्हा बसवून त्यांनी पर्समधलं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. अर्धं पान नीट गेलं. मग 'फॉरगिव्हनेस' आला आणि शेवटी अशी शिट्टी वाजली की बाहेर बसलेल्या पेशंटने आत डोकावून पाहिलं.

मावशीने त्यांना तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला आणि ओठांकडे बघत राहिली. एफ आणि व्हीला खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. तो दर वेळी कवळीला हलकेच ढकलत होता. कवळी जागेवर बसायच्या आत एस यायचा, आणि फटीतून वारा सुटायचा. आकडे तुटक असतात, त्यात हे कळायचं नाही.

"मला तिन्ही अक्षरं असलेले लांब लांब शब्द हवेत बाई," मावशी म्हणाली. "एकाच शब्दावर कवळी घासली तर दुसऱ्यावर वाजेल."

बाई कामाला लागल्या. पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा मावशी कवळी धुवायच्या पावडरचा डबा हातात धरून त्यांची वाटच बघत होती. डब्यावर बारीक अक्षरात छापलं होतं, इफेक्टिव्हनेस. "बघा, यात आहेत ना तिन्ही?"

"अगं, शेपूट सापडलं!" बाई खूश झाल्या. "इव्हनेस हे शेपूट लावलं की व्ही आणि एस आपोआप येतात. आता पुढे फक्त एफ शोधायचा."

घरी मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांनाही नाद लागला. काका शिंपी. दुपारी मशीन बंद ठेवून जाडजूड डिक्शनरी उघडून बसायचे. त्यांनी डिफेन्सिव्हनेस शोधला, ऑफेन्सिव्हनेस शोधला. एकदा मोठ्या ऐटीत दवाखान्यात फिलॉसॉफी घेऊन आले.

"काका, यात एफ लिहायचा नसतो," बाई म्हणाल्या. "आणि व्ही कुठाय?"

"आवाज तर येतो ना एफचा! व्ही उद्या आणतो," काका म्हणाले, आणि तिघंही हसली.

मावशी कवळीच्या समोरच्या दातांच्या कडा केसभर घासायची, टाळूला मागून मेणाचा पातळ थर द्यायची. मेण जास्त झालं की बाईंचा स बोबडा व्हायचा, कमी झालं की शिट्टी. बाई कंटाळल्या नाहीत. खुर्चीत बसून शब्द म्हणत राहिल्या. एका सकाळी त्यांनी पाठोपाठ पाचसहा शब्द म्हटले आणि खोलीत शिट्टी वाजलीच नाही. मावशीने मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक चढवलं.

त्या शनिवारी बाईंनी तिला वसतिगृहात नेलं. मावशी शेवटच्या बाकावर कान टवकारून बसली, प्रत्येक एस पकडायला. हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट होती. मावशीला इंग्रजी निम्मंच कळत होतं, म्हणून शेजारची मुलगी कानात सांगू लागली. "आता तो पुलावर गेलाय. आता पाणी चढतंय." थोड्या वेळाने मावशी एसबिस सगळं विसरली. कुत्रा घरी पोचला तेव्हा तिने पदराने डोळे टिपले.

बाहेर आल्यावर बाई तिचा हात धरून म्हणाल्या, "तुझे आभार कसे मानू गं?"

"मानायचे तर मी मानायला हवेत बाई," मावशी म्हणाली. "तुम्ही भांडायला परत आलात. बाकीचे येतच नाहीत. कवळ्या कपाटात पडून असतील त्यांच्या, आणि मी इकडे खुशीत."

ती हे मला अजूनही सांगते, आणि दर वेळी बाईंचं नाव घेताना तिचा आवाज मऊ होतो. इतकी वर्षं काम करूनही आपली कवळी घराघरांत काय करते हे तिला ठाऊक नव्हतं. ते बाईंनी दाखवलं, असं ती मानते.

आता नवी कवळी दिली की पंधरा दिवसांनी ती स्वतः फोन लावते. पलीकडचं माणूस आधी संकोचतं, सगळं छान आहे म्हणतं. मावशी खुर्ची पुढे ओढते.

"ते राहू द्या हो. चावताना टोचते का? बोलताना सुटते का? मनात असेल ते सांगा, मला राग नाही यायचा."