बिनकाजळाचं घर

सुरतेत, डिंडोलीतल्या पुष्पाबाईंच्या घरी कुठल्याच बाळाला काजळ लागलं नाही. मीठमोहऱ्या ओवाळायच्या, दृष्ट काढायची, पण काजळ नाही. पुष्पाबाईंचा डावा डोळा लहानपणी बाभळीच्या काट्यानं गेलेला, म्हणून डोळ्यांची धास्ती असेल, असं सगळे धरून चालले होते. थोरली लेक उज्ज्वला डॉक्टर झाली, पण तिनंही कधी खोदून विचारलं नाही. शिकली ढीगभर, घरातलं तेवढं राहून गेलं.

यंदा ती मुलांच्या आनुवंशिक कर्करोगाचं विशेष प्रशिक्षण घेत होती. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "लहानपणी गेलेली मुलं लोक सांगत नाहीत. दोनदा विचारा." सरावाला म्हणून तिनं आईलाच विचारलं. दोन्ही वेळा आई म्हणाली, "कोन्ही नही."

रविवारी भावजय राखीनं हौसेनं तान्ह्या लेकीला काजळ घातलं. पुष्पाबाईंनी धावत येऊन बाळ हिसकावलं आणि पदरानं डोळे खसाखसा पुसायला लागल्या. बाळ किंचाळलं, राखी रडकुंडीला आली. उज्ज्वलानं आईचे हात धरले.

"तुना पहिले मना पोऱ्या व्हता, लोटू," आई पुटपुटली. "अंधारमा तेना डोया मांजरना मायक चमके. नजर लागी म्हनीन मी रोज काजय लावू. डोया सुजना, मंग पोऱ्या गया. मना काजयमुये गया."

उज्ज्वलानं ओळखलं. ही डोळ्यातल्या कर्करोगाची गाठ. रक्तातून पुढे उतरणारी. गेलेला लोटू इतकी वर्षं या बिनकाजळाच्या घरात वावरत होता आणि तिला पत्ता नव्हता. बाळाच्या डोळ्यांत बघायची तिला भीती वाटू लागली.

"उद्याच हिचे डोळे तपासून घेऊ," ती राखीला म्हणाली. "लवकर सापडलं तर मूल वाचतं."

"मंग काजयमुये नही ना गया तो?" आईनं विचारलं.

"नही वो माय. काजळाचा काही दोष नाही."

पुष्पाबाई ढसाढसा रडल्या. मग थांबून म्हणाल्या, "मंग कसामुये गया?"

उज्ज्वलानं आईच्या बसलेल्या डोळ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यात काटा कधी गेलाच नसावा; तिथेही हीच गाठ असावी, आणि लोटूला ती आईकडूनच आली असावी. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांना हे सांगावंच लागणार होतं, आणि त्याआधी आईला.

पुष्पाबाई उजवा डोळा पुसत उत्तराची वाट बघत होत्या.