माझी कडक लेन्स आणि आजचे पाहुणे

मंडळी, आज मला बघायला माणगावहून मुलगा आणि त्याची आई आली होती. शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. तिथली धूळ उडून माझ्या कडक लेन्सखाली गेली. डोळ्यातून नुसत्या धारा!

मी सगळ्यांसमोर लेन्स काढून धुतली.

मुलाची आई म्हणाली, "मऊ घाल की गं! आमची लेक तीच घालते, कधी डोळा चोळत न्हाय."

"काकू, माझं बुबुळ टोकदार झालंय. मऊ लेन्स त्याच्याच आकाराची होते, मग धूसर दिसतं. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही, म्हणून मला नीट दिसतं."

"असू दे. लग्नानंतर मऊच घालायची हां."

मी लेन्स परत घातली आणि मुलाकडे पाहिलं. तो आईकडे बघत होता.

मी तिथेच नाही म्हणून सांगितलं. घरात सगळे फुगून बसलेत.

सांगा, डोळे माझे, बघायचं मला, मग लेन्स त्यांच्या पसंतीची का?