मेंबरसाहेबांची मोटार आणि मोटेचा आवाज

नाल्यात उलटी पडलेली ती मोटार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चाकं वर, काचा फुटलेल्या आणि सत्काराचे हार बाभळीच्या काट्यांत अडकलेले. कौन्सिलचे एक मेंबर निवडणुकीच्या प्रचारासाठी वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमकडे निघाले होते. माघ महिना, ऊन नुकतंच वर आलेलं. मेंबरसाहेब जागीच गेले. ड्रायव्हर मात्र बाहेर फेकला गेला आणि नुसतं मनगट मोडून वाचला. तो वाचला कसा, यावरूनच लोकांनी त्याच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली.

मी तेव्हा नवा ठाणेदार होतो. खबर मिळाली तसा घोड्यावरून निघालो, तरी पोचायला दोन तास गेले. तोवर जत्रा जमली होती. पाच-पंचवीस बैलगाड्या त्या जागेवरून येऊन-जाऊन झाल्या होत्या. पंच बोलावले, पंचनामा लिहिला. रस्ता कोरडा, फुफाटा घोट्याएवढा. मोटारीच्या पुढच्या चाकाला चिखल. नाल्यात थोडं पाणी होतंच, म्हणून चिखलाची नोंद केली आणि पुढे गेलो. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून मिस्त्री आला. त्याने मोटार तपासून ब्रेक, स्टिअरिंग सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मग हा ड्रायव्हर पूर्वी विरोधी उमेदवाराच्या घरी नोकरीला होता, असं समजलं. झालं! माझे वरिष्ठ सर्कल इन्स्पेक्टर, सर्कलसाहेब, यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा घातपात आहे, ड्रायव्हरकडून कबुली घ्या, आठ दिवसांत खुनाचा खटला अकोल्याला गेला पाहिजे. मलाही ते पटलं. तरण्या ठाणेदाराला अशा गोष्टी लवकर पटतात.

ड्रायव्हर तिशीचा, हडकुळा माणूस. हात गळ्यात बांधलेला. दोन दिवस मी त्याला फिरवून फिरवून तेच विचारलं आणि त्याने तेच उत्तर दिलं.

"साहेब, रस्त्यात पानी होतं. चाक फसलं, मोटार हातातून गेली. मले दुसरं काई मालूम नाई."

माघात, कोरड्या सडकेवर पाणी? मी त्याला दोन थपडा लगावल्या. खोटं कशाला लिहू? तो रडला नाही की चिडला नाही. पुन्हा पाण्याचंच बोलला. बाहेर ठाण्याच्या ओट्यावर त्याची बायको भाकरी बांधून बसलेली असायची. नवरा फासावर जाणार की काय, एवढंच ती येणाऱ्याजाणाऱ्या शिपायांना विचारायची.

चौथ्या दिवशी मला मालेगावला जायचं होतं. घोडा लंगडत होता, म्हणून भाड्याची दोन बैलांची दमणी केली. गाडीवान म्हातारा होता. अपघाताच्या जागेपाशी आलो आणि बैल आपोआप थबकले. गाडीवानाने त्यांना हाकललं नाही. कान देऊन बसला, मग शेपटी पिरगाळली. मी विचारलं, थांबलास कशाला?

"मोट चालू हाय का आयकत होतो, साहेब. मोट चालू असली की सडकेतून पानी वायते. बैलाईले बी मालूम हाय."

मी खाली उतरलो. सडकेच्या एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला वांग्याचा आणि कांद्याचा मळा. विहिरीचं पाणी मळ्यात जाणार कुठून? सडक ओलांडूनच. आणि मी त्या जागेवर पंचांना घेऊन चार वेळा फिरलो होतो!

मळेवाला माळी निंदणी करत होता. मी सरळ विचारलं तर तो पाणी कुठलं नि काय कुठलं करायला लागला. मी आवाज चढवला नाही. ड्रायव्हर हवालातीत आहे आणि चार दिवसांत त्याच्यावर खुनाचा खटला उभा राहील, एवढंच सांगितलं. माळी पुन्हा खुरपं चालवायला लागला. त्याची बायको पलीकडच्या वाफ्यातून उठून आली.

"सांगून टाका," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याले बी बायको-लेकरं असतीन."

मग त्याने सांगितलं. पाणी द्यायच्या दिवशी तो सडक उकरून पाण्याचा दांड काढायचा, दोन्ही अंगाला मातीचे वरंबे घालायचा. पाणी देऊन झालं की दांड बुजवून वर फुफाटा पसरायचा, कारण सडक सरकारची. अपघात झाला तेव्हा तो घाबरला आणि लोक जमायच्या आत त्याने रोजच्यासारखाच दांड बुजवला. बाप-आज्यापासून हेच चाललं होतं, कधी एक बैल अडखळला नव्हता.

"मोटचा आवाज दोन वावरं आयकू येते, साहेब. सारे गाडीवाले थांबते. मोटारवाल्याले काहून नाई आला आयकू?"

त्या प्रश्नात लबाडी नव्हती. जन्मात मोटारीत न बसलेल्या माणसाला, आत बसल्यावर इंजिनापुढे बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे कळणार कसं? पंच बोलावले. माळ्याने स्वतः कुदळ मारली. वीतभर खाली काळी माती अजून ओली होती, आणि तिच्यात रबरी चाकाची नक्षी उमटलेली होती.

सर्कलसाहेब माझ्यावर बरेच दिवस नाराज होते. माळ्याने कोर्टात सगळं कबूल केलं, त्याला दंड झाला. ड्रायव्हर सुटला. त्या दिवशी त्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

पुढे काही वर्षांनी मी मालेगावहून त्याच सडकेने वाशीमला सर्व्हिस मोटारीने निघालो होतो. मळ्याजवळ गाडी थांबली, इंजिनही बंद झालं. उतारू कुरकुरायला लागले. ड्रायव्हर मागे वळला तेव्हा मी त्याला ओळखलं. मनगट अजून थोडं वाकडं होतं. त्यानेही मला ओळखलं.

"इथं रोज थांबतो, साहेब," तो म्हणाला. "मंग आयकतो, मंगच जातो."

लांबून मोटेच्या चाकाची कुरकुर येत होती. त्याला ती त्या सकाळी ऐकू आली नव्हती, कारण त्याच्यापुढे इंजिन होतं. तो दोन दिवस माझ्यासमोर बसून खरं बोलत होता, आणि ठाण्यात तर कसलंच इंजिन नव्हतं, तरी मला ते ऐकू आलं नाही. माफी मागायची होती; ती मी त्याही दिवशी मागितली नाही. तो खाली उतरला, पुढे चालत जाऊन पाणी बघून आला आणि गाडी सावकाश पलीकडे नेली.