एक प्रवेश लिहून आणावा

सगळ्यांत आधी अक्काला हात जोडतो. ह्या लिखाणात मी कुणाचंच नाव घालणार नाही, तिचंही नाही. पण आज मी नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात लेखणी धरून बसलोय तो तिच्यामुळं, एवढं अगोदर सांगून मोकळा होतो. नंतर सांगू म्हटलं की माझ्याकडून राहून जातं.

अक्का म्हणजे सोलापुरात मी जिच्या पडवीत राहत होतो ती विणकर बाई. घरात तेलुगू, दारात मराठी. वय चाळिशीच्या आसपास. त्या घरांची रीत अशी की माग चालवायचा पुरुषानं आणि सुताच्या कांड्या भरून द्यायच्या बाईनं. पण अक्काचा नवरा मुंबईला गेलेला, म्हणून ती स्वतःच मागावर बसायची. कांड्याही तिनंच भरायच्या, लुगडंही तिनंच विणायचं. मला ती तम्मुडू म्हणायची. तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ.

मी माळशिरसाच्या पलीकडचा. आमची मेंढरं राखणारी माणसं. चौथी पास झालो, आणि पाचवीत नाव घालायचं त्याच आठवड्यात वडील मेंढरं घेऊन चाऱ्याला निघाले. त्यांच्या मागं काठी घेऊन मीही. शाळा तिथंच राहिली. पुढं गावच्या एकाच्या ओळखीनं सोलापूरच्या गिरणीत सूत वाहायला लागलो. गावाकडून निरोप यायचा, जीवाला जप. जपत होतो, पण जीव काही जागेवर नसायचा. मला एक खोड होती. कुणाचं भांडण कानावर पडलं की दिवसभर दोघांचं बोलणं मी तोंडातल्या तोंडात म्हणायचो, ह्याचंही आणि त्याचंही. आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, सगळ्यांदेखत म्हणायचा, "ह्येच्या पोटात दोगं राहत्यात. पगार मातर एकालाच मिळंल बरं का!"

त्या हिवाळ्यात एक नाटक मंडळी मुक्कामाला आली होती. शनिवारी मी पिटात, सगळ्यांत स्वस्त जागेत, जाऊन बसायचो. एकदा खेळ सुटल्यावर भिंतीवर डकवलेला कागद दिसला. नव्या नाटकांसाठी एक होतकरू उमेदवार ठेवणे आहे, मंडळीचे नाटककार त्यास दोन वर्षे हाताखाली घेऊन लिहावयास शिकवतील, इच्छुकांनी एक प्रवेश लिहून आणावा व गुरुवारी समक्ष भेटावे. जागा एकच. मी तो कागद तीनदा वाचला. पुढं गेलो, परत फिरलो, चौथ्यांदा वाचला. नाटक लिहायला शिकवतात, हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ते राजघराण्यासारखं असतं, ज्याला असतं त्याला असतं.

गुरुवार म्हणजे गिरणीच्या सुट्टीचाच दिवस आला. म्हटलं, देवच पाठीशी आहे.

चार दिवस खपून मी प्रवेश लिहिला. चांगले जाड कागद आणले. पहिल्यावर शाई सांडली, दुसऱ्यावर "कृपावंत" चुकलं, तिसरा मलाच आवडला नाही, चौथा साधला. अक्काला वाचून दाखवला. ती माग न थांबवता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू सात वेळा हात जोडला तम्मुडू. माणूस एकदा जोडतो. सात वेळा जोडला की समोरचा माणूस पळतो."

"मोठ्या लोकांना तसंच लिवावं लागतं अक्का."

"आसंल," ती म्हणाली आणि मागात धोटा फेकला.

गुरुवारी नाट्यगृहात गेलो तर बाकावर अकराजण बसलेले. दिवसाउजेडी रंगभूमी पाहिल्यावर मला कसंसंच झालं. राजवाड्याच्या पडद्याला ठिगळं होती. माझ्या शेजारी पुण्याहून मुद्दाम आलेला एक बी. ए. झालेला गृहस्थ होता. मांडीवर वही, वहीला रेशमी फीत. "आपण कोणत्या विषयावर लिहिलंत?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "माझ्याच." तो माझ्याकडं फार आदरानं पाहू लागला.

समोर दोघं बसले होते. मंडळीचे मालक, अंगानं भरलेले, पान चघळणारे. आणि मंडळीचे नाटककार, किडकिडीत, गळ्याला मफलर. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. बी. ए. वाल्यानं उभं राहून एका राजाचं आणि प्रधानाचं बोलणं वाचलं. मला वाटलं, हा पाठांतर दाखवतोय. दुसऱ्यानं एक राणी रडवली. तेव्हा मात्र मनात आलं, हे सगळे नाटकातलं का वाचतायत?

माझी पाळी आली. गुरुजींनी कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले, "साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मी गरीब, चौथी पास, आपल्या मंडळीत प्रवेश मिळावा म्हणून पदर पसरतो..." ते थांबले. चष्मा काढला.

मालक म्हणाले, "अहो, हा अर्ज आहे! प्रवेश कुठाय?"

"त्योच मागतोय जी," मी म्हटलं.

अख्खा बाक हसला. मालकांना ठसका लागला. "वा! आम्ही प्रवेश मागितला, तर हे उलट आमच्याकडंच प्रवेश मागतायत! पाणी आणा रे."

माझे कान तापले. मला त्या शब्दाचे दोनच अर्थ ठाऊक होते. एक शाळेतला, आणि दुसरा नाट्यगृहाच्या दारावर लिहिलेला, विनातिकीट प्रवेश नाही असा. गुरुजींनी हात वर करून हसणं थांबवलं. म्हणाले, "नाटकात पात्रं येतात, बोलतात, जातात. तेवढ्या तुकड्याला प्रवेश म्हणतात."

"मग पडदा म्हना की!" माझ्या तोंडून निघून गेलं. आम्ही पिटातली माणसं पडदे मोजायचो. तिसऱ्या पडद्याला राणी रडती, पाचव्याला मरती, असं.

गुरुजी जरासे हसले. "बरं, तर एक पडदा लिहून आणा. उद्या चारच्या आत. परवा मुक्काम हलतो आमचा."

घरी आलो तो पडवीतलं अंथरूण गुंडाळायलाच लागलो. गावाकडं जावं, मेंढरं बरी, ती हसत नाहीत. अक्कानं विचारलं, काय झालं? सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं, असं तेव्हा वाटलं.

"मग उद्या लिवून ने," ती म्हणाली.

"उद्या गिरणी हाय अक्का. खाडा झाला तर जॉबर दुसरा मानूस घील. आन् हितं त्यांनी घेतलं न्हाय तर? दोनीकडनं जायचो मी."

सकाळी उठलो तर ती घरात नव्हती. भोंग्याच्या आधी गिरणीच्या दारात जाऊन जॉबरला गाठून आली. "तुला ताप आला म्हणून सांगितला. जॉबर म्हणला, कुणाला आला, पोटातल्या कोणत्या माणसाला? मी म्हटला, दोघाला आला. आता तू आज तापलेला राहा. बस, लिव."

बसलो. कागद उरले नव्हते, म्हणून बिघडलेल्या अर्जांच्या पाठीवर लिहायला घेतलं. पहिल्यांदा राजा लिहिला. राजा सिंहासनावर बसला आणि पुढं काही बोलेचना. तो खोडला. मग राणी. उठलो, माठातलं पाणी प्यायलो, परत बसलो, परत उठलो. अक्काचा माग खटखट चाललेला. नऊ वाजले, दहा वाजले.

"अक्का, माज्याच्यानं न्हाय व्हायचं. मला राजाची बोली कुटं येतीया?"

माग थांबला. असा मधेच तो कधी थांबत नसे. तिनं पुढ्यातल्या सुताकडं बघतच बोलायला सुरुवात केली.

"माझा माणूस मुंबईला गेला त्या दिवशी मी कांड्या भरत होता. तो दारात उभा राहिला. मला म्हणला, जातो. मी म्हटला, जेवून जा. म्हणला, गाडी हाय. मला लई बोलायचा होता. काय बोलला म्हाईत हाय का तुला? मी म्हटला, 'मग मी कांड्या कुणाला भरू?' तो म्हणला, भरून ठेव. मी म्हटला, 'तू गेला की मी कुणाचा बाई?' तो काय बोलला न्हाय. चप्पल घातला. मी परत कांडी भरायला लागला. तीन वर्स झाला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "लिव हे. पण नीट लिव. ह्यात हसायचा काय न्हाय."

मी लिहिलं. तिचा शब्द न शब्द, तिनं उच्चारला तसाच. चूक दुरुस्त करायला हात गेला की तो राजा आठवायचा, मुका बसलेला. दारात नवरा, घरात बाई, कांड्या. ती परत माग चालवत होती आणि मधूनच म्हणायची, "चप्पल घातला, हे लिवला का?"

चारला दहा कमी असताना नाट्यगृहात पोचलो. मालक, गुरुजी, आणि तालमीला आलेली पाचसात नटमंडळी. बी. ए. वालाही होता, त्याला दुसऱ्यांदा बोलावलेलं. मला वाचायला सांगितलं. माझं अक्षर तसं कुणाला लागलंही नसतं. मी अक्काच्याच आवाजात वाचायला लागलो, मला दुसऱ्या तऱ्हेनं येतच नव्हतं.

"मी कांड्या भरत होता," म्हटलं आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. "जेवून जा," पर्यंत मालकांचं पोट हलायला लागलं. आणि "तू गेला की मी कुणाचा बाई?" म्हटल्यावर सगळे फुटले. नटांतला एकजण लगेच कमरेवर हात ठेवून ते वाक्य म्हणून दाखवायला लागला. मालक डोळे पुसत म्हणाले, "सापडला हो! फार्साला माणूस सापडला!"

मी कागद धरून उभा. ते थांबतील, मग सांगू, असं मनात. थांबले. गुरुजी हसले होते की नाही, मला आठवत नाही. फार आठवायचा प्रयत्न केला आहे. त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्ही हसण्यासाठी लिहिलंय?"

एवढाच प्रश्न. सगळ्या मुलाखतीत एवढाच.

बी. ए. वाला वहीची फीत सोडत होता. पलीकडं सामानाच्या पेट्या बांधून ठेवल्या होत्या. मालकांचं तोंड अजून हसरं होतं, आणि ते तसंच राहिलं तर मी आत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"व्हय जी," मी म्हटलं.

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बरं," म्हणाले, "या उद्या सकाळी स्टेशनावर."

घरी पळतच गेलो, आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सावकाश चालायला लागलो. अक्का दारातच होती.

"घेतलं," मी म्हटलं.

तिनं माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग विचारलं, "कोण हसला का?"

"न्हाय अक्का. समदी गप बसली हुती."

तिनं मान हलवली. किती वेळ हलवत राहिली. मग म्हणाली, "मी म्हटला होता ना," आणि आत जाऊन माझ्यासाठी वाटेतल्या भाकऱ्या थापायला बसली. जॉबरला काय सांगायचं म्हणून विचारलं, तर आतनंच म्हणाली, "सांगतो, ताप डोक्यात गेला."

ह्याला चार वर्षं झाली. दोन वर्षं गुरुजींच्या हाताखाली शिकलो. रागवतात, पण वाक्य का पडतं, का उभं राहतं, हे हातात धरून दाखवतात. त्यांचेही उपकार आहेतच. मी फार्स लिहितो. त्यांत एक तेलंगी बाई असते, लुगडं नेसलेला नट ती करतो, आणि "मी कुणाचा बाई" ला मिरजेपासून अमरावतीपर्यंत वन्समोअर पडतो. मी विंगेत उभा असतो. लोक हसायला लागले की आत जातो, बाहेर येतो, परत आत जातो. मालक म्हणतात, लेखकाला असंच होतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नवरा दारात उभा होता तेव्हा अक्का त्याच्याशी तेलुगूतच बोलली असणार. तिथं तिचं एकही वाक्य चुकलं नसणार. मोडलं ते मला सांगताना, मला कळावं म्हणून. माझ्यासाठी मोडलेल्या बोलीवर मी लोकांना हसवलं.

परवा मालकांनी सांगितलं की पुढचा मुक्काम सोलापूर. तेव्हापासून जेवण जात नाही. अक्का, तुला वाचता येत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय. पण तोंडानंही सांगणार आहे. आलो की आधी तुझ्याकडं येईन. कोण हसलं, आणि मी व्हय म्हटलं, तेही सांगीन. मग तू मला त्या दिवशीचं बोलणं परत सांग, ह्या खेपेला तुझ्या तेलुगूत. मला शब्द न शब्द समजावून दे, कितीही दिवस लागोत. आणि तो प्रवेश मी नीट लिहीन. आज नाही जमला तर पुढं, ह्या मंडळीत नाही तर दुसऱ्या, पण ज्या दिवशी ती बाई कांड्या भरता भरता बोलेल आणि पिटातलं एकही माणूस हसणार नाही, तो दिवस मी तुला आणून देईन.