कपाटाच्या दारामागची मेरी

आयर्लंडमध्ये, कॉर्कला मी ज्या म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन राहत होते, त्या मूळच्या उत्तरेकडच्या बेलफास्टच्या. त्या कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट. लग्नानंतर दोन्हीकडच्यांनी त्यांच्या खिडक्या फोडल्या होत्या. तरी नवऱ्याने त्यांच्यासाठी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने येशूची आई मेरी काढली. प्रोटेस्टंटांना मेरीची भक्ती चालत नाही, म्हणून त्याचे भाऊ आले की दार लावून टाकायचं. त्याने हे कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती, आणि बाईंनी ती मुलाच्या बाबतीतही पाळली. इकडे पळून येताना त्यांनी ते दार काढून आणलं आणि इथल्या स्वयंपाकघरात बसवलं.

"मेरी म्हणे! नाक माझंच काढलंय मेल्याने," परक्या मुलीला सांगितलं तर शपथ मोडत नाही म्हणत त्या मला दाखवून हसायच्या.

यंदा त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि घर विकायचं म्हणून मुलगा स्वयंपाकघर उचकटायला आला. चित्र बघून तो म्हणाला, "या देवादिकांनीच आमचं वाटोळं केलं."

हे तुझ्या वडिलांनी काढलंय, एवढंच मला सांगायचं होतं. पण त्यांच्या घरातलं, त्यातून धर्माचं, आपण परक्या मुलीने कशाला बोलायचं, असं मनाशी म्हणत मी चहाचा कप धरून उभी राहिले. त्याने दार मोडून बाहेरच्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकलं.

रविवारी भेटायला गेले, तर बाईंचा पहिला प्रश्न मेरीचाच. "आहे ना गं ती?"

"ग्रँड आहे, अगदी छान," मी म्हणाले.

"तू आहेस म्हणून मला घोर नाही."

मी अजून दर रविवारी जाते. त्या दर रविवारी विचारतात.