धुतलेल्या माश्या

मधमाश्या तपासल्या की हवा कळते, हे मी डहाणूच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आलो. फळ्यावर ते फार सोपं असतं. माशी फुलाफुलावर बसते, अंगाच्या केसांवर धूळ घेऊन घरी येते. मेलेल्या माश्या, मेण आणि मध तपासा, झालं.

तलासरीकडच्या एका डोंगरपाड्यावर एक मावशी सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या चार पेट्या सांभाळते. पाड्याजवळ खडीची खाण सुरू झाली आणि पेट्यांसमोर मेलेल्या माश्या जास्त दिसू लागल्या, तेव्हा तिने मला निरोप धाडला. पोरांना खोकला झाला की पाड्यातल्या आया तिच्याकडूनच मध नेतात. “मधात काय उतरलं असंल तर सांगा, सर,” ती म्हणाली. “मी देणं बंद करते.” आपल्या मालाची अशी झडती स्वतःहून मागणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांच्या मेलेल्या माश्या आणि पोळ्याचा तुकडा जमवायला सांगून मी परतलो. पुन्हा गेलो तर तिने कौतुकाने बाटली पुढे केली. माश्या लख्ख. विहिरीच्या पाण्याने धुतलेल्या, सुपात वाळवलेल्या, मोडक्या पंखांच्या वेचून टाकलेल्या. मेणसुद्धा वितळवून गाळलेलं. मी कपाळाला हात लावला. मला राग लवकर येतो आणि तो लपवताही येत नाही.

“मावशी, मला धूळच तर हवी होती.”

“कालेजात न्यायची वस्तू,” ती म्हणाली. “घाण कशी देऊ?”

चूक माझीच होती. काय शोधतोय ते सांगायलाच मी विसरलो होतो, आणि वर तिच्यावरच आवाज चढवला. लाज वाटली. मग नीट समजावलं. तिने एकदाच ऐकलं.

पुढचे पंधरा दिवस तिने प्रत्येक पेटीपुढे पांढरं फडकं अंथरलं. सकाळी अंगण झाडण्याआधी माश्या चिमट्याने उचलायच्या, कारण झाडलं की धूळ उडते. बाटल्या आणि मधासकट पोळ्याचा तुकडा नाक्यावरच्या दुकानात, कुल्फीच्या फ्रीजरमध्ये. दुकानदार कुरकुरला, पण तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. खाणीत सुरुंग उडाले त्या दिवसांच्या माश्या तिने वेगळ्या बाटलीत ठेवल्या होत्या, गळ्याला लाल दोरा बांधून. हे मला सुचलं नव्हतं. माझ्या एकाही विद्यार्थ्याने इतका चोख नमुना कधी आणला नाही, आणि हे मी वर्गात तोंडावर सांगतो.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तो घेऊन मी स्वतः गेलो. माश्यांच्या अंगावर खाणीची धूळ होती, शिशाचे अंश होते, लाल दोऱ्याच्या बाटलीत सगळ्यात जास्त. मेणात थोडे. मध मात्र साफ होता. आनंदाने सांगितलं, “मावशी, खुशाल द्या मध.”

ती हसली नाही. “माशी किती लांब फिरते, सर?”

“अर्धा कोस, फार तर.”

तिने उताराकडे पाहिलं. “शाळा तर त्याच्या आतच हाय.”

 मी मधाच्या काळजीत होतो, ती पोरांच्या.

“पाऊस सरला की माश्यांची नवी वसाहत पेटीत धरते,” ती म्हणाली. “ती पेटी शाळेच्या कुंपणामागं ठेवते. तिथल्या माश्या तपासाल?”

“तपासेन. पण तिथला मध हाती लागेल असं धरू नका, मावशी. माश्या टिकतीलच असं नाही.”

“मधासाठी ठेवतच नाय,” ती म्हणाली.